दोन हजारांपुढचा उतार

८ नोव्हेंबर २००९, रविवार. अवधपुरी, भोपाळ

आज निर्णय झाला. इच्छा गेली दोन वर्षे होती; इच्छा आणि निर्णय यांत जे अंतर असते ते आज यादी लिहून मी कापले. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाशी जोडलेला एक स्वतंत्र संगणक मी स्वतःच्या हातांनी उभा करणार आहे. त्यात महाराष्ट्र मंडळाच्या एकतीस व्हिडिओ कॅसेट उतरवून घ्यायच्या आणि पाच स्पीकरांतून त्या ऐकायच्या. कॅसेटना बुरशी धरू लागली आहे. त्या चालवणारे यंत्र संपूर्ण वसाहतीत बहुधा माझ्याकडेच उरले आहे. तेव्हा हे काम आता करायचे, नाहीतर कधीच नाही. तिसरा पर्याय संभवत नाही.

एकतिसांपैकी एक कॅसेट मुख्य. १९८८ सालची स्पर्धा, बरखेड्यातील सभागृह, माझा मित्र सुधाकर याने लिहिलेली आणि त्यानेच बिघडवलेली एकांकिका. तो नायक होता. मनोरमा पडद्याआडून वाक्ये पुरवत होती. कॅमेरा माझा, आणि माझा मायक्रोफोन विंगेजवळ ठेवलेला; त्यामुळे तिची कुजबुज त्या फितीवर असलीच पाहिजे, आजवर ती दबून राहिली आहे इतकेच. सतरा जानेवारीला आमच्या विवाहास चाळीस वर्षे होतात. त्या दिवशी तिला मधल्या खुर्चीत बसवून तिचाच आवाज तिला ऐकवायचा, असे योजले आहे.

कुजबुजीचे सोडून बाकी सारे तिला सांगितले. ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मला काही आता तेवढं ऐकू यायचं नाही." मी म्हटले, "'तेवढं' हे सापेक्ष पद आहे. कशाच्या तुलनेत, ते सांगितल्याखेरीज विधान अपूर्ण राहते." ती हसली आणि चहा टाकायला गेली. तिचा विनय मला ठाऊक आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सुधाकर सोनागिरीहून स्कूटरवर आला आणि आम्ही एम. पी. नगरमधून सामान आणले. सुधाकर कारखान्याच्या चाचणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाला. मी कार्मिक विभागातून, जिथे अठ्ठावीस वर्षे विभागीय चौकश्या चालवल्या. त्याचे हात कामाचे, माझी शिस्त. भागीदारी न्याय्य आहे. कॅबिनेट आडवे, काळे, जुन्या ध्वनिसंचासारखे दिसणारे घेतले. पंखा कोणता घ्यावा यावर दुकानात अर्धा तास वाद झाला. मला निःशब्द हवा होता.

"अहो विश्वनाथराव, पंखा आहे तो. थोडा तर आवाज करणारच. मौनीबाबा हवे असतील तर ओंकारेश्वरला चला."

सुधाकर मूळचा ग्वाल्हेरचा. प्रत्येक आक्षेपाला त्याच्याकडे विनोद असतो. उत्तर असतेच असे नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या टेबलावर जोडणी. प्रोसेसर बसवला, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा उष्णतावाहक लेप, मग पंखा. स्मृतीच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, टीव्हीचे कार्ड. बटण दाबले. काही नाही. मी शक्य दोषांची सात कलमे लिहून एकेक निकालात काढू लागलो. चौथ्या कलमावर असताना सुधाकरने मदरबोर्डाच्या कोपऱ्यात एक चौकोनी जोड खटकन बसवला. प्रोसेसरची वीज स्वतंत्र असते, ती द्यायची राहिली होती. यंत्र सुरू झाले.

"तुमचा अहवाल टाइप व्हायच्या आत आरोपी कबूल झाला, साहेब," सुधाकर म्हणाला. मनोरमाने त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि आम्ही हसतो आहोत असे पाहून हसली.

पंख्याला बारीक शीळ आहे. मला ती सहन होईना. मनोरमाला विचारले, त्रास होतो का? "छे, मला तर काहीच जाणवत नाही." तिच्या सहनशीलतेला मर्यादा नाही. माझ्या कानांना आहे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

नऊ कॅसेट उतरल्या. एक तासाची फीत एका तासातच उतरते. घाई करता येत नाही, हे मला आवडते.

प्रतिभाचा पुण्याहून फोन. मनोरमा म्हणाली, "तुम्हीच बोला, माझे हात कणकेचे आहेत." हे या महिन्यात तिसऱ्यांदा. मी प्रतिभाला म्हटले, तुझ्या आईला लेकीपेक्षा पोळ्या प्रिय झाल्या. ती म्हणाली, "बाबा, आईशी जरा सावकाश बोलत जा." मी घाईने कधी बोलतो? मुलांची विधाने अशी निराधार असतात.

५ डिसेंबर, शनिवार

पाचही स्पीकर जागेवर बसले. दोन पुढे, एक मधे, दोन मागे. मागचे बसवताना सुधाकर शिडीवर आणि मी खाली अंतर मोजायला.

मग मनोरमाला मधल्या खुर्चीत बसवले आणि मंडळाच्या एका संगीतसंध्येचा तुकडा लावला. "कसे वाटते?" ती म्हणाली, "छान. चारी बाजूंनी येतंय." साक्ष घाईची वाटली, ती तपासणे माझे कर्तव्य होते. तिला न सांगता मागचे दोन्ही स्पीकर सोडवले. "आता?" "आता तर अजूनच छान." मग मधला सोडवला, ज्यातून बोलण्याचा आवाज येतो. ती मान डोलावत म्हणाली, "अगदी सभागृहात बसल्यासारखं."

युक्तिवाद उघड आहे. एक तर तिने ऐकले, किंवा ऐकले नाही. ऐकले असेल, तर ती खोटे बोलली. ऐकले नसेल, तर न ऐकता साक्ष दिली, म्हणजे पुन्हा खोटेच. दोन्ही मार्ग एकाच जागी पोहोचतात. महिनाभराच्या माझ्या श्रमाची किंमत तिच्या लेखी तोंडदेखल्या स्तुतीपुरती आहे.

मी तिला विचारले, "खरे सांग, तू ऐकत नव्हतीस ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर रोखायची ही खोड तिला अलीकडे लागली आहे. चांगली दिसत नाही. मग म्हणाली, "नव्हते ऐकत."

कबुली मिळाली. समाधान मिळाले नाही.

९ डिसेंबर, बुधवार

मनोरमा मंदाकिनीबरोबर, म्हणजे सुधाकरच्या पत्नीबरोबर, बरखेड्याच्या बाजारात भाजीला गेली होती. चार तासांनी परतली. पिशवी रिकामी. भाजी चांगली नव्हती म्हणाली. गेल्या बुधवारीही चांगली नव्हती. डिसेंबरात, भोपाळमध्ये. फक्त नोंद करून ठेवतो.

१६ डिसेंबर, बुधवार

शांतपणे लिहितो.

तारांवर खुणा करायला शिंप्याचा खडू हवा होता. तो मनोरमाच्या शिवणाच्या डब्यात असतो. मनोरमा घरी नव्हती, बुधवार. डब्यात, रिळांखाली, चार घड्या घातलेला आलेख-कागद सापडला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतो तसा, आणि अक्षर सुधाकरचे. त्याचा तिरपा 'र' मी पस्तीस वर्षे ओळखतो.

आडव्या रेषेवर ध्वनीची कंप्रता: अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. उभ्या रेषेवर डेसिबल. दोन वक्र: लाल गोलांचा 'उजवा', निळ्या फुल्यांचा 'डावा'. दोन्ही हजारापर्यंत बरे चालतात आणि दोन हजारांपुढे घाट उतरावा तसे कोसळतात. खाली तीन ओळी:

'दोन हजारांपुढे घसरण, दोन्हीकडे सारखी. मशीन घ्यावे लागेल. विश्वनाथरावांना आत्ता नको.'

म्हणजे माझ्या गैरहजेरीत, माझ्या घरात, माझा उजवा आणि डावा स्पीकर मोजला गेला. मोजणारा माझा मित्र. त्याने माझे काम नापास केले, मी बांधलेल्या यंत्राऐवजी दुसरे घ्यावे असा निर्णय दिला, आणि तो निर्णय माझ्या पत्नीच्या शिवणाच्या डब्यात ठेवला. मोजमाप चुकले असते तर मी क्षमा केली असती. तोंडावर सांगितले असते तर आभार मानले असते. 'आत्ता नको' या दोन शब्दांना क्षमा नाही. तेच शब्द सांगतात की हे दोघांचे मिळून ठरलेले आहे.

कागद होता तसा घडी घालून ठेवला. घड्या नीट जमल्या नाहीत.

१८ डिसेंबर, शुक्रवार

सुधाकरला निरोप देऊन बोलावले. काल रात्रीच्या जेवणाआधीच आरोपपत्र तयार केले होते, चार कलमांचे. पण वाचायची वेळ आली नाही. संभाषण आठवेल तसे लिहितो.

मी म्हटले, "कागद माझ्या हाती लागला आहे. आलेखाचा."

तो खुर्चीत सैलावला. त्याला धक्का बसावा अशी माझी अपेक्षा होती. तो चक्क सुटल्यासारखा दिसला. "चला, बरं झालं! मी वहिनींना केव्हापासून म्हणतोय, सांगून टाका, किती दिवस लपवणार. माझ्या तर छातीवर दगड होता."

"म्हणजे तिच्या संमतीने झाले."

"त्यांच्या संमतीशिवाय कसं होणार? आता ऐका, तुम्ही नाराज होऊ नका. या वयात होतंच. एक चांगलंसं मशीन घेऊन टाकू. हल्ली इतकी छोटी येतात, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."

"माझ्या घरात दुसरे मशीन येणार नाही."

तो हसायला लागला आणि थांबला. "दुसरं कुठलं? पहिलं तरी कुठे आहे?"

माझ्या सहा आठवड्यांच्या कामाचे हे वर्णन. मी उठून उभा राहिलो. "जे आहे ते पुरेसे आहे. कोणाला पसंत नसेल, तर त्याने ऐकू नये."

सुधाकरचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. "विश्वनाथराव, असं कसं बोलता तुम्ही? लाज कसली आहे त्यात? वहिनींचा तर विचार करा. त्यांना किती त्रास होतो, तुम्हाला दिसत नाही?"

"तिने माझ्यापुढे सर्व छान असल्याची साक्ष दिली आहे."

"तुमच्यापुढे कोण वेगळी साक्ष देणार! चाळीस वर्षं तुमच्यासमोर माणूस तोंड उघडतो तर तुम्ही शब्द पकडता."

"लाज पाठीमागे मोजमाप करणाऱ्याला वाटावी," मी म्हटले. "या विषयावर पुन्हा बोलायचे नाही. या घरातही नाही."

त्याने त्याची डाग देण्याची सळई आणि पेचकस पिशवीत भरले. दारात मनोरमा उभी होती. तो तिला म्हणाला, "माफ करा वहिनी, मला वाटलं त्यांना समजलंय," आणि गेला. स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

मनोरमाने विचारले, "काय म्हणाले सुधाकरभावजी?"

"तू दारातच होतीस. सर्व ऐकलेस."

"नाही," ती म्हणाली.

खोटे बोलण्यालाही काही कौशल्य लागते. तेही तिने वापरायचे सोडले आहे.

२३ डिसेंबर, बुधवार

मनोरमा कुठेही गेली नाही. दुपारी मालिका पाहते ती आवाज पूर्ण बंद करून, नुसती चित्रे. हा माझ्यावरचा निषेध असावा. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा ती घड्याळ हातात घेऊन बसली होती, पाच मिनिटांनी मला विचारते, "भोंगा झाला का हो?" कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो तेव्हा भोंग्यावर हिचा कुकर चढत असे. चेष्टाच करायची असेल तर वेळ तरी बघावी.

सुधाकर आला नाही. मंदाकिनीचा फोन आला; मी ठेवून दिला. पस्तीस वर्षांत त्याच्याविना जात असलेला हा पहिला आठवडा. घर नीटनेटके आहे. पंख्याची शीळ स्पष्ट ऐकू येते.

२७ डिसेंबर, रविवार

आरोप सिद्ध करण्यापूर्वी पुरावा तपासावा, हा नियम मी इतरांना शिकवला. आज स्वतः पाळला.

मांडणी अशी. सुधाकरचा आलेख माझ्या स्पीकरांविषयी खरा असेल, तर दोन हजारांपुढे जितकी घसरण तितकी उचल दिल्यावर आवाज सपाट, नैसर्गिक व्हायला हवा. तो तसा झाला नाही, तर आलेख खोटा. पळवाट नाही.

दुपारी जेवणानंतर संगणकावर स्वरपट्ट्यांचा फलक, म्हणजे इक्वलायझर, उघडला. आलेख डब्यातून पुन्हा काढला, टेबलावर पसरला, आणि त्याच्या प्रत्येक उताराला चढ दिला. फलक जेवढा देऊ शकतो तेवढा सर्व. उरलेले एकूण आवाज वाढवून भरून काढले. मग १९८८ ची फीत लावली.

असह्य. प्रत्येक 'स' पत्र्यावर खिळा ओढावा तसा. प्रेक्षकांतील खोकले फटाक्यांसारखे. मी कानांवर हात ठेवले, आणि सत्य लिहायचे तर, मला आनंद झाला. आलेख खोटा ठरला होता.

तेवढ्यात मनोरमा स्वयंपाकघरातून आली. हातात ओला फडका. तिला कोणी बोलावले नव्हते. ती माझ्याकडे न बघता सरळ उजव्या स्पीकरपाशी गेली आणि उभी राहिली.

"आत कोण बोलतंय?"

पडद्यावर तरणा सुधाकर बंद कपाटापुढे उभा होता. पुढचे वाक्य त्याला आठवत नव्हते. विंगेतून कुजबुज आली, चिरकी, पण स्पष्ट: 'किल्ली माझ्याकडे नाहीच'. सुधाकर गप्प. पुन्हा, जरा रागाने: 'किल्ली माझ्याकडे नाहीच!'

"अहो, ही मी!" मनोरमा म्हणाली. "तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे बोलले भावजी. बघा हं, आता म्हणतील, चावी." आणि सुधाकर पडद्यावर म्हणाला, 'चावी माझ्याजवळ नाही.' ती इतकी हसली की फडक्याने डोळे पुसावे लागले. मग तिथेच फरशीवर, स्पीकरला टेकून बसली. पुढचे प्रत्येक वाक्य ती फितीच्या आधी म्हणत होती. शेवटच्या टाळ्या झाल्यावर म्हणाली, "पुन्हा लावा ना. आज मला ऐकू आलं."

मी पुन्हा लावली. माझे कान दुखत होते. तीनदा लावली.

२८ डिसेंबर, सोमवार

आलेख स्पीकरांविषयी खोटा आहे. तरीही त्याने सांगितलेला उपाय अचूक लागू पडला. खोट्या आलेखातून खरा उपाय निघत नाही. म्हणून आलेख खरा आहे, पण तो स्पीकरांचा नाही.

कागद पुन्हा वाचला. 'उजवा', 'डावा'. विशेषणे पुल्लिंगी. नाम त्यावर कुठेच नाही. ते मी पुरवले होते. पुल्लिंगी नामे आणखीही असतात. आणि ज्याला इथे सगळे मशीन म्हणतात, ते कानामागे बसणारे, ते मी वसाहतीत कितीतरी म्हाताऱ्यांच्या कानाला पाहिले आहे. पाच डिसेंबरला मी लिहिले, एक तर तिने ऐकले किंवा ऐकले नाही. न ऐकण्यालाही दोन वाटा असतात, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले असते.

तिच्यासमोर बसून विचारले, "केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली. आधी भोंगा गेला. मग पक्षी."

"आणि बुधवारी बरखेड्याला?"

"रुग्णालयात. मंदाकिनी सोबत यायची. मूळ कागद तिथेच फाइलला लावतात, म्हणून भावजींनी मला नक्कल काढून समजावून दिलं."

"प्रतिभाला ठाऊक आहे?"

"तिला फोनवरच कळलं. मी भलतीच उत्तरं द्यायला लागले तेव्हा."

म्हणजे मित्राला ठाऊक, मित्राच्या पत्नीला ठाऊक, पुण्यात बसून नुसत्या फोनच्या तारेवरून लेकीलाही ठाऊक. या घरात राहणारा एकच मनुष्य अंधारात ठेवला गेला. हा राग खोटा नाही आणि तो मी इथे नोंदवतो. सर्वांनी मिळून केलेल्या दयेसारखे अपमानकारक काही नसते. मी तिला म्हटले, "सर्वांना सांगितलेस. मला नाही."

तिला ते पहिल्यांदा कळले नाही. मी पुन्हा म्हटले.

"तुम्हाला तर सगळ्यात आधी सांगितलं," ती म्हणाली. "या वर्षात दोनदा. एकदा तर हे सगळं आणायच्या आधीच. तुम्ही तेव्हा काहीतरी शब्दावरून बोललात. बघा, लिहून ठेवलं असेल. तुम्ही सगळं लिहिता."

ती पोळ्यांना गेली. मी ही वही मागे उलटली. फार मागे जावे लागले नाही, पहिलेच पान. वाक्य तिथे आहे, अवतरणचिन्हांसकट, एक अक्षर न बदलता. माझे टिपण नेहमीच अचूक असते. त्याखाली माझा आक्षेप आहे, आणि आक्षेपाखाली तिच्या विनयाविषयीचा निष्कर्ष. अठ्ठावीस वर्षांत एकाही आरोपीचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मी निकाल दिला नाही. सुधाकरला मी कलमे वाचूनही दाखवली नव्हती.

त्या पानावर मी किती वेळ होतो कोण जाणे. मनोरमा दारात येऊन म्हणाली, "काय एवढं वाचताय? पानं वाढलीत."

"मी ऐकलं नाही," मी वहीकडे बघत म्हणालो.

"काय?"

मी वही मिटली, तिच्याकडे तोंड वळवले, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड येईल असा सरकलो, आणि सावकाश पुन्हा म्हणालो.